दुसऱ्याची कातडी

बाबा,

काल मी तुमचं नाव खराब केलं. दादाच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, हातातला घास ताटात परत ठेवून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्यांच्यासमोर मी बोलले ते तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोतून ओळखतात. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि फोटोवाल्याने धरून सरळ केलेली मान. तरी बोलले. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. तुम्ही माझ्या अक्षराला नेहमी नावं ठेवायचात.

लढाईचे दिवस होते. आपला हा भाग तेव्हा मध्यप्रांतात होता आणि जबलपूरच्या रस्त्यांवर माणसांपेक्षा लष्करी लॉऱ्या जास्त होत्या. खमरियाला नवा कारखाना उभा राहत होता, दादाचं तिथे काम लागलं होतं, आणि तुम्ही गढ्याच्या बाजारात प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून ते सांगत होतात. दादा सायकलने जायचा. एका सकाळी लॉरीने त्याला कडेला दाबलं आणि मागच्या चाकाने डाव्या पायाची नडगी सोलून काढली. हाड मोडलं नाही, पण वीतभर उघडं पडलं. पांढरं हाड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुमच्याच इस्पितळात त्याला आणलं. तुम्ही तिथले जुने कंपाउंडर. डॉक्टर बदलून जायचे, तुम्ही राहायचात, म्हणून सगळे तुमचं ऐकत. पट्ट्या झाल्या, ताप चढला, उतरला, जखमेच्या कडा भरत आल्या, पण हाडावर काही केल्या कातडी येईना. मधे काळपट डाग पडायला लागला होता. पाय कापावा लागेल असं आई कुणाकडून तरी ऐकून आली आणि तिने जेवण सोडलं.

तेव्हाचा तो बंगाली डॉक्टर तुम्हाला आठवत असेलच. तरुण, चष्मेवाला, हिंदी बोलताना लिंग-वचनाची पर्वा न करणारा. त्याने तुम्हाला व्हरांड्यात बोलावून समजावलं तेव्हा मी डबा घेऊन खांबापाशी उभी होते. तेरा वर्षांच्या पोरीला तुम्ही दोघांनी खांबाइतकंच मोजलं. त्याने स्वतःच्या पायावर बोटाने रेघा काढून दाखवल्या. पोटरीची कातडी खालच्या मांसासकट तीन बाजूंनी कापायची आणि चौथी बाजू तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे तिकडून रक्त येत राहतं. मग तो तुकडा उचलून दुसऱ्या पायाच्या नडगीवर शिवायचा. दोन्ही पाय तसेच प्लास्टरमध्ये बांधून तीन आठवडे ठेवायचे. तुकड्याने नव्या जागी मूळ धरलं की जुनी जोड तोडायची. मी त्या तुकड्याला मनातल्या मनात पदर म्हणून टाकलं, कारण एका बाजूने खोचलेला आणि बाकी सुटा असा दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता.

"उसका अपना दूसरा पैर से लेगा," डॉक्टर म्हणाला. "वही लगेगा."

तुम्ही म्हणालात, "साहब, एक पैर तो गया ही है. दूसरा भी काट दें? दोनों बिगड़ गए तो लड़का जिंदगी भर घर में बैठेगा." मग थोडं थांबून, "लड़की है न. इसका ले लो."

तो चष्म्यावरून तुमच्याकडे पाहतच राहिला. "कंपाउंडर बाबू, दूसरे का चमड़ा नहीं लगता. जुड़वाँ में लगता है, सुना है. ये दोनों जुड़वाँ है क्या?"

"जुड़वाँ नहीं. पर पेट एक ही है, साहब. खून एक है."

"पेट से नहीं होता. और लड़की का पैर, पैर नहीं है?"

आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात. हसून बोललात, हे मला जास्त लागलं. "लड़की का पैर कौन देखता है साहब, साड़ी में ढँक जाता है."

डॉक्टर आणखी दोन-तीनदा नाही म्हणाला. तुम्ही हात जोडलेत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जखमा धुणारा म्हातारा माणूस हात जोडतो म्हटल्यावर तो नवखा पोरगा वितळला. त्याला स्वतःलाही थोडं पाहायचं असेल, लागतं की नाही ते. शेवटी म्हणाला, "ठीक है. लेकिन हम बोल दिया है. याद रखना, हम बोला था." मी हे सगळं ऐकलं, बाबा. तुम्ही वळलात, मला पाहिलंत आणि म्हणालात, "दादाला बरं करायचं आहे ना? चल मग, डबा ठेव." एवढंच माझं संमतीपत्र.

जाग आली तेव्हा माझा उजवा पाय दादाच्या डाव्या पायावर चढवून प्लास्टरमध्ये गच्च बसवलेला होता, मधे लाकडाच्या दोन दांड्या. पोटरीतून एक पदर निघून त्याच्या नडगीवर शिवला होता आणि पोटरीचा उरलेला खड्डा झाकायला माझ्याच मांडीची पातळ साल काढली होती. म्हणजे तुमच्या लेकीच्या पायाला एक नाही, दोन जखमा. कोपऱ्यातल्या खोलीत दोन खाटा जोडून आम्हाला ठेवलं होतं. कूस बदलायची तर दोघांनी ठरवून, शिंक आली तर आधी सांगून. दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मला छोटी म्हणायचा. "छोटी, हिलू नको ना, माझा पाय घेऊन कुठं जाऊन राहिली?" असं म्हणून मला हसवायचा, आणि हसलं की टाके ताणायचे म्हणून पुन्हा रागवायचा. खाजेने तर जीव नकोसा केला होता. आई केळीच्या पानाच्या देठाने प्लास्टरच्या आत वारा घालायची.

तुम्ही रोज सकाळी यायचात. पांढरा डगला, हाताला स्पिरिटचा वास. पट्टीच्या फटीतून दिसणाऱ्या कातडीवर बोट दाबायचं, ती पांढरी पडते, बोट उचललं की गुलाबी परत येते का ते पाहायचं. "रंग आला की जिवंत आहे," असं दादाला सांगायचात. मग बोटांची मागची बाजू माझ्या पोटरीला लावून उष्मा बघायचात आणि विचारायचात, "दुखून राहिलं काय गं?" मी म्हणायची, नाही. तुम्ही मान हलवून जायचात. रंग रोज यायचा. येणारच होता, कारण रक्त माझं चाललं होतं. दादाचं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मला कावळा शिवला. पहिल्यांदा. मला आधी वाटलं टाका सुटला. त्या दिवशी डबा घेऊन आत्या आली होती. तुमची ही विधवा बहीण आपल्या घरातलं सोवळं-ओवळं सांभाळायची, तुम्हीसुद्धा तिला भ्यायचात. तिने चादर पाहिली आणि डबा उंबऱ्यावरच ठेवून मागे सरली. "अगं बाई! ही बाहेरची झाली की. अरे, तू सरक ना तिच्यापासून!"

दादा लाजेने लाल झाला होता, तरी म्हणाला, "कुठं सरकू आत्या? पाय इथंच सोडून येऊ काय?"

मला रडू फुटलं. दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात मागे करून माझ्या डोक्यावर ठेवला. "काहून रडून राहिली? काही नाही झालं. मी पाहिलंच नाही काही." त्याला याहून जास्त येत नव्हतं, पण त्या खोलीत तेव्हा माझ्यासाठी कुणी काही म्हटलं असेल तर ते एवढंच. चार दिवस डबा उंबऱ्यावरून आत सरकवला गेला. आयाबाईने आम्हाला भरवलं. चौथ्या दिवशी न्हायचं तर प्लास्टरमुळे डोक्यावरून पाणी घेता येईना, म्हणून आत्याच्या हिशेबी विटाळ गेलाच नाही. मी तशीच राहिले आणि माझ्याबरोबर दादाही. तुम्ही येत होतात, रंग पाहत होतात, दुखतं का विचारत होतात. या विषयावर तुम्ही अवाक्षर काढलं नाही. तेव्हा मला वाटलं, बाबा इस्पितळातले, त्यांना हे सगळं फालतू वाटत असेल. किती विश्वास होता माझा तुमच्यावर, आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जोड तोडली. मला घरी आणलं. दादाच्या नडगीवर माझी कातडी दोन दिवस फिकट राहिली, मग निळसर झाली, मग काळी पडली आणि वास यायला लागला. डॉक्टरने ती काढून टाकली. काढताना तो तुम्हाला काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, पण मला ठाऊक आहे. तीनच शब्द. हम बोला था.

त्या दुपारी तुम्ही घरी उशिरा आलात. तुमचे केस ओले होते. मला वाटलं, उन्हाचे आलेत, नळाखाली डोकं भिजवलं असेल. तुम्ही पाटावर बसलात आणि आईला सांगितलंत की कातडी लागली नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय लांब करून बसले होते, कारण पोटरी दुमडत नव्हती. आई पळी हातात घेऊन थांबली. आत्या तांदूळ निवडता निवडता बोलली, मोठ्याने नाही, अगदी रोजच्या आवाजात. "मी तर तेव्हाच म्हटलं होतं. विटाळ अंगावर, डोक्यावरून पाणी नाही, आणि तसंच चिकटून पडलेली त्याला. चांगलं लागून राहिलं होतं. हिच्यामुळं सडलं."

मी तुमच्याकडे पाहिलं. मी घाबरलेसुद्धा नाही, बाबा. मला इतकी खात्री होती. व्हरांड्यात तुम्ही होतात, डॉक्टर होता आणि मी होते. आता तुम्ही सांगाल, काहीतरी काय बोलतेस, डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की दुसऱ्याची कातडी लागत नाही. आईने तर तुम्हाला सरळ विचारलं. "अहो, असं असते काय? डॉक्टर काय म्हणाले?"

तुमचा हात ताटात थांबला होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "वरण वाढ."

आईने वरण वाढलं. त्या वरणाने सगळं ठरून गेलं. घरातला शिकलेला, इस्पितळातला माणूस नाही म्हणाला नाही, म्हणजे आत्या म्हणते ते खरं. पुढे डॉक्टरने त्याला आधीपासून करायचं होतं तेच केलं. दादाच्याच उजव्या पोटरीचा पदर काढून डाव्या नडगीवर बसवला. तो लागला. दादा आधी काठीने आणि मग काठीशिवाय चालला, आणि वर्ष संपायच्या आत सायकलवर बसून खमरियाला गेला. तुम्ही गढ्यात पेढे वाटलेत. ज्या दुसऱ्या पायाला धक्का लागू नये म्हणून तुम्ही माझा पाय दिलात, त्या पायाचं काही म्हणजे काही बिघडलं नाही. मला मात्र त्या वर्षी भाऊबीजेला आत्याने ओवाळू दिलं नाही. म्हणाली, एकदा नाट लावलीस तेवढी पुरे. दादा पाटावर तसाच बसून राहिला, उठेना. शेवटी आईनेच त्याला उठवलं. तुम्ही पेपर वाचत होतात.

मग पाहायला येणाऱ्यांचं सुरू झालं. पहिल्याच खेपेला मुलाचे मामा गोड आवाजात म्हणाले, "बाळ, तेवढा आतून पाण्याचा तांब्या घेऊन ये." तांब्या त्यांच्यासमोरच भरलेला होता. त्यांना माझी चाल पाहायची होती. मी उठले, गेले, आले. पाय थोडा ओढला जायचा. पोटरीत खड्डा असलेल्या पायाला टाच पुरती टेकत नाही. लुगडं पायघोळ होतं, कातडी झाकली गेली, तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण चाल लुगड्याखाली झाकत नाही, एवढं तुमच्या लक्षात आलं नव्हतं. मामांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "लहानपणी जांभळावरून पडली होती." मी जन्मात कधी झाडावर चढले नाही. तुम्ही चढू दिलं असतं का? ती मंडळी कळवतो म्हणून गेली ती गेलीच. पुढे नवरा म्हणून जे मिळाले ते नशिबाने भले होते. त्यांनाही मी आधी जांभूळच सांगितलं, तुमचं खोटं पाडायचं कसं म्हणून. बऱ्याच वर्षांनी खरं सांगितलं तर ते म्हणाले, "यापेक्षा जांभूळ बरं होतं." आता तेही नाहीत.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळलंच होतं. पण गेल्या थंडीत दादा मला म्हणाला, "छोटी, एक सांगायचं राहून गेलं. बाबांनी शपथ घातली होती." त्याला शेवटी शेवटी अंगणात उन्हात खाट लागायची. दोन्ही पाय उघडे टाकून पडायचा. नडगीवर पोटरीची कातडी, केसांसकट, म्हातारी होऊन सुरकुतलेली. म्हणाला, डॉक्टरने काळा तुकडा काढून तामचिनीच्या ताटात टाकला, भंगी बादली घेऊन आला. तुम्ही त्याला थांबवलंत. तुकडा पट्टीच्या कापडात गुंडाळलात. दादाने विचारलं, "बाबा, काय करून राहिले?" तर तुम्ही म्हणालात, "पोरीचं अंग आहे रे. बादलीत कसं टाकू?" आणि सायकल काढून भर उन्हात ग्वारीघाटला गेलात. नर्मदेत सोडलंत. वर आंघोळ केलीत, कुणाला पोहोचवून आल्यावर करतात तशी.

दादाला वाटलं मी रडेन. ऐकून मला बरं वाटेल म्हणून त्याने बिचाऱ्याने जपून ठेवलं होतं ते. मी काठी घेऊन उठले आणि त्याच्या अंगणातून निघून आले, चहासुद्धा घेतला नाही. आजवर मी स्वतःची समजूत घातली होती की तुम्हाला कळलंच नसेल. कंपाउंडर तर कंपाउंडर, डॉक्टरचं बोलणं तुमच्या डोक्यात शिरलं नसेल, तुम्हीही आत्यासारखं विटाळच खरा मानलं असेल. त्या समजुतीवर मी तुमचा फोटो पुसत होते. तर तुम्हाला सगळं कळत होतं! कुणाचं अंग गेलं ते माहीत होतं, कशाने गेलं ते माहीत होतं. माझ्या पोटरीचं तुम्ही सुतक पाळलंत आणि त्याच ओल्या केसांनी घरी येऊन माझ्यासमोर वरण मागितलंत. नर्मदेला सांगितलंत. दादाला सांगितलंत, वर त्याचं तोंड बंद केलंत. आत्याला एक वाक्य सांगता आलं नाही? तिच्यासमोर तुमची अक्कल चुकली हे कबूल करण्यापेक्षा पोरीच्या माथ्यावर विटाळ बरा वाटला? पोरीचं अंग बादलीत टाकवेना म्हणे. पोरीला टाकलंत ते चाललं.

तर काल. पंगत बसली होती, जिलबी वाढून झाली होती, दादाच्या आठवणी निघाल्या होत्या. त्याची धाकटी सून मोठी बोलघेवडी. नव्या लोकांना सांगत होती, "आमच्या सासऱ्यांचा पाय तर जाऊनच राहिला होता. आपल्या आत्याबाईंची कातडी लावली, पण नेमकी तेव्हाच यांना अडचण आली, मग काय, सडली!" सगळे हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती गोष्ट तिला आमच्या घरातल्या सुनांनीच सांगितली, आणि ती पुढे आणखी कुणाला सांगेल. दादा होता तोवर तो ताटावरून डोळे वटारायचा आणि विषय बदलायचा. काल त्याच्या जागी त्याचा फोटो होता.

मी घास खाली ठेवला. म्हटलं, "माझ्यामुळं नाही सडली. दुसऱ्याची कातडी लागत नसते. डॉक्टरने शिवायच्या आधीच सांगितलं होतं. बाबांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी माझा पाय कापायला लावला आणि माहीत असून घरात गप्प बसले." वाढपी हातात भांडं घेऊन उभाच राहिला. भाचा, दादाचा मुलगा, म्हणाला, "जाऊ द्या ना आत्या, पुरानी बात है." त्याची कॉलेजातली मुलगी मात्र पुढे वाकून म्हणाली, "यानी पणजोबांना पता था?" मी म्हटलं, "हो बेटा. पता था." मग मी जेवले. जिलबीही खाल्ली. वरण मात्र नको म्हटलं.

आता तुमचं नाव गेलं ते गेलं. मला वाटलं होतं बोलले की मोकळं वाटेल. तसं काही झालेलं नाही. जे वाक्य मी बोलले ते तुमच्या आवाजात ऐकायचं होतं, माझ्या नाही, एवढंच सकाळपासून पुन्हा पुन्हा मनात येतं. धाकटी सून आज सकाळी पाया पडायला आली, खूप रडली. जाताना म्हणाली, "आत्या, मनात असेल ते सगळं लिहा आणि ग्वारीघाटला सोडून या, हलकं वाटेल." लिहिलं आहे. सोडणार मात्र नाही. माझं एक काहीतरी मला न विचारता तुम्ही तिथे सोडून आलात, तेवढं पुष्कळ झालं. हे माझ्या पेटीत राहील, लुगड्यांच्या खाली.

माफ केलेलं नाही, तसं समजू नका. पण एक सांगायचं आहे. त्या सगळ्या दिवसांत तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत, रोज सकाळी, बोटांची मागची बाजू लावून. तेव्हा तुमचा चेहरा इतका ओढलेला असायचा की मी रोज नाही म्हणायची.

दुखत होतं, बाबा. फार दुखत होतं.